मानसशास्त्रात एमए करायचंय? विद्यापीठाच्या विभागाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातून एमए केलं आणि आता कॉलेजात बीएच्या वर्गांना हा विषय शिकवते. निकाल लागले की दरवर्षी तेच प्रश्न येतात. मुलं विचारतात, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण एका उत्तराचा धागा बऱ्याचदा दुसऱ्यात सापडतो.

१. बारावीला सायन्स नव्हतं, मानसशास्त्रही नव्हतं. पुढे घेता येईल का?

येईल. बीएला मानसशास्त्र घेण्यासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. मेंदू आणि मज्जासंस्थेचा भाग शिकताना सायन्सच्या मुलांना सुरुवातीचे दोन महिने सोपे जातात, एवढाच फरक. तो दिवाळीपर्यंत भरून निघतो.

२. ‘विभाग’ म्हणजे नक्की काय? जवळच्या कॉलेजात एमए केलं तर काय बिघडतं?

विभाग म्हणजे विद्यापीठाच्या आवारातला, विद्यापीठ स्वतः चालवतं तो पदव्युत्तर विभाग. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असतं. पदवी दोन्हीकडे विद्यापीठाचीच मिळते.

भारतात या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला. तो उभा करणारे एन. एन. सेनगुप्ता हार्वर्डला शिकून आले होते. पुणे विद्यापीठ १९४९चं, आणि प्रा. व्ही. के. कोठुरकरांनी इथला विभाग १९५० साली सुरू केला तो ‘प्रायोगिक मानसशास्त्र’ या नावाने. मुंबई विद्यापीठाचा कालिन्यातला विभाग १९५९चा, त्याच्या नावात ‘उपयोजित’ आहे. माझ्या मते या दोन विशेषणांत त्या विभागांचा स्वभाव दिसतो. पुण्याने आधी प्रयोगशाळा मांडली, मुंबईने कारखाना, शाळा आणि समुपदेशन केंद्राकडे तोंड केलं. आज दोन्हीकडे दोन्ही शिकवतात, पण प्रवेश घेण्याआधी त्या त्या विभागाचा ओढा कुठे आहे हे विचारावं.

विभागात शिकण्याचा खरा फायदा आजूबाजूच्या माणसांत आहे. शेजारच्या टेबलावर पीएचडीचा विद्यार्थी त्याच्या चाचणीचे गुण मोजत बसलेला असतो, संख्याशास्त्र विभाग चालत दहा मिनिटांवर असतो, आणि पुण्यात असाल तर विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय असतं. कॉलेजही उत्तम असू शकतं. तिथे जाऊन चार गोष्टी विचारा: प्रयोगशाळा दाखवाल का? चाचण्या मूळ संच आहेत की झेरॉक्स? कायमस्वरूपी प्राध्यापक किती? प्रबंधाला मार्गदर्शक कोण असतील? या चारांची सरळ उत्तरं मिळाली तर बिनधास्त प्रवेश घ्या.

३. माझी बीकॉम / इंजिनिअरिंग झालंय. थेट एमए मानसशास्त्र मिळेल का?

हा नियम विद्यापीठागणिक बदलतो. काही ठिकाणी बीएला मानसशास्त्र मुख्य विषय हवाच असतो. काही ठिकाणी प्रवेश परीक्षा पास झालात तर कोणतीही पदवी चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२४च्या पदव्युत्तर आराखड्यानेही प्रवेश परीक्षेच्या आधारे विषय बदलायला वाट ठेवली आहे. ती वाट तुमच्या विद्यापीठाने उघडली आहे का, हे त्या वर्षाच्या माहितीपत्रकात बघायचं, गेल्या वर्षीच्या नाही.

प्रवेश मिळाला तरी एक सांगते. बीएची मुलं तीन वर्षांत जे वाचून आलेली असतात ते तुम्हाला एका उन्हाळ्यात वाचावं लागेल. सामान्य मानसशास्त्राचं एक जाड पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, निवडक प्रकरणं नको.

४. प्रवेश परीक्षेची तयारी कशी करायची?

बीएची पुस्तकं हीच तयारी. सिद्धान्त कोणाचा, प्रयोग कोणता, त्यातून काय निघालं, या तीन रकान्यांची वही करा. जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंटने १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, एबिंगहाउसने निरर्थक शब्दांवर स्मृतीचा अभ्यास करून १८८५ साली तो छापला, अशी माहिती नुसती पाठ करून टिकत नाही. एबिंगहाउसने निरर्थक शब्दच का घेतले, हे कळलं की टिकते. ओळखीच्या शब्दाला आठवणी चिकटलेल्या असतात आणि त्याला कोऱ्या पाटीवरून विसरणं मोजायचं होतं.

सांख्यिकी सोडून देऊ नका. बहुतेक मुलं सोडतात, म्हणून तिथेच गुण मिळतात.

५. दोन वर्षांत शिकवतात काय? सगळं फ्रॉइडवर असतं का?

फ्रॉइड व्यक्तिमत्त्वाच्या पेपरात भेटतो, काही आठवड्यांसाठी. उरलेला वेळ बोधनिक प्रक्रिया (लक्ष, स्मृती, विचार), संशोधन पद्धती, सांख्यिकी, मानसमापन (चाचण्या बनवणं आणि वापरणं), अपसामान्य मानसशास्त्र (मानसिक विकारांचा अभ्यास), समुपदेशनाच्या पद्धती आणि प्रात्यक्षिकं यांत जातो. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या एमएला ८८ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यात संशोधन पद्धतीचे ४, प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे ४ आणि संशोधन प्रकल्पाचे १० आहेत. म्हणजे साधारण पाचवा हिस्सा तुम्ही संशोधनाच्या आणि प्रत्यक्ष कामाच्या अंगणात असता. ‘मला माणसांशी बोलायला आवडतं’ एवढ्यावर आलेली मुलं इथे दचकतात.

६. माझं गणित दहावीपासून कच्चं आहे. सांख्यिकी झेपेल?

झेपेल. इथे बीजगणित फारसं नाही. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-चाचणी आणि अनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची तुलना) हे सगळं बेरीज, वजाबाकी, वर्ग आणि वर्गमूळ यांत बसतं, आणि पुढे संगणक करून देतो. सांख्यिकीचं एसपीएसएस हे सॉफ्टवेअर महाग आहे. जामोवी, जास्प आणि आर मोफत आहेत, आजच उतरवून घ्या.

अवघड जातो तो अर्थ. दोन गटांत फरक आढळला, तो योगायोगाने आला असेल का? उंची आणि बुद्धिमत्ता चाचणीचे कच्चे (वयाचा हिशेब न धरलेले) गुण यांचा सहसंबंध लहान मुलांच्या मिश्र वयोगटात काढला तर तो भरपूर येतो, कारण वय दोन्ही वाढवतं. हे एकदा स्वतःच्या हाताने काढून पाहिलं की वर्तमानपत्रातल्या ‘संशोधन सांगतं’ या बातम्या तुम्ही वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागता. या विषयाने मला दिलेलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हे.

७. प्रात्यक्षिकात काय करतात? माणसांवर प्रयोग करतात का?

हो, एकमेकांवर. एक जण प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. पुढच्या आठवड्यात अदलाबदल.

आरशातून तारा गिरवण्याचा प्रयोग घ्या. टेबलावर दुहेरी रेघेचा तारा, त्याच्यापलीकडे उभा आरसा, आणि हात थेट दिसू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची आड. माझी वर्गमैत्रीण प्रयुक्त म्हणून बसली. पहिली सरळ बाजू तिने बरी काढली. पहिल्या कोपऱ्यावर मात्र पेन्सिल जी थांबली ती थांबलीच. आरशात रेघ वर न्यायची तर हात स्वतःकडे ओढावा लागतो, आणि हात ऐकत नव्हता. कागदावर त्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा गिचमिडा झाला. मी घड्याळ आणि चुकांची नोंद घेऊन बसले होते आणि तिला मदत करायची इच्छा दाबत होते, कारण प्रयोगकर्त्याने बोलायचं नसतं. फेऱ्या वाढत गेल्या तसा वेळ उतरत गेला. मग डाव्या हाताने करायला सांगितलं. त्या हाताने फक्त सुरुवातीला एकदाच तारा काढला होता, मध्ये सराव शून्य, तरी त्याचाही वेळ उतरला होता. उजव्या हाताने शिकलेलं डाव्यात झिरपलं होतं. पुस्तकातली ओळ समोर घडताना पाहिली ती ही अशी.

नंतर जर्नल लिहायचं: समस्या, अभ्युपगम (आधी बांधलेला अंदाज), साहित्य, कार्यपद्धती, निरीक्षण तक्ता, आलेख, प्रयुक्ताचं अंतर्निरीक्षण (प्रयोगात त्याला काय वाटलं ते), चर्चा. अंतर्निरीक्षणात तिने लिहिलं होतं, ‘रडू येईल असं वाटलं.’ तेवढं एक वाक्य तक्त्यातल्या आकड्यांइतकंच कामाचं होतं.

एमएच्या पुढच्या टप्प्यात चाचण्या येतात. रेव्हनच्या आकृत्यांचे ६० प्रश्न, भाटिया यांच्या कृती-चाचण्या, व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या. सूचना माहितीपुस्तिकेत आहेत तशाच, शब्दही न बदलता वाचायच्या असतात. तिथे शिस्त लावून घ्या.

८. माझं शिक्षण मराठीतून झालंय. निभावेल का?

पेपर कोणत्या भाषेत लिहिता येतो हे विद्यापीठाला आधीच विचारा, सगळीकडे एक नियम नाही. वाचन मात्र इंग्रजीतच होणार. पहिल्या सत्रात रोज दोन पानं शब्दकोश घेऊन वाचलीत तर दुसऱ्या सत्रात शब्दकोश आपोआप बाजूला पडतो.

आणि मराठी ही तुमची अडचण आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बुद्धिमापनाची बिने चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली ती १९३०च्या दशकात, आणि बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. लहान मुलांसाठीची मालिन यांची चाचणी नागपुरात घडली. मानसशास्त्रज्ञ असलेल्या आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने मराठी मुलांसाठी बुद्धिमत्ता चाचण्या तयार केल्या. अशा कामाला मराठी उत्तम यावं लागतं.

समोरचा माणूस ‘डिप्रेशन’ म्हणत येत नाही. तो म्हणतो, करमत नाही. कशात जीव लागत नाही. पोटात गोळा येतो. डोकं जड जड वाटतं. ‘करमत नाही’ म्हणजे नवीन गावातला एकटेपणा असेल किंवा महिनोन्‌महिन्यांची उदासी असेल. ते ओळखायला तुमचं मराठीच उपयोगी पडणार आहे.

९. एमए झाल्यावर मी मानसोपचार करू शकते का? ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहू शकते का?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून सावकाश लिहिते.

मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. एमबीबीएस आणि त्यानंतर मनोविकारशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका. औषध तोच लिहितो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट या नावाला कायद्याचा अर्थ आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या (आरसीआय) १९९२च्या कायद्याखाली परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण करून तिच्या नोंदवहीत नाव लागावं लागतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही त्याची व्याख्या दिली आहे, आणि तिच्यात देखरेखीखाली केलेलं रुग्णालयीन प्रशिक्षण येतं. नुसत्या एमएने हे नाव लावता येत नाही. लावलं तर तो गुन्हा होऊ शकतो आणि समोरच्या रुग्णाची फसवणूक तर होतेच.

समुपदेशक म्हणून काम एमएनंतर सुरू होऊ शकतं: शाळा, कॉलेज, स्वयंसेवी संस्था, हेल्पलाइन. पण एमएच्या वर्गात समुपदेशनाच्या पद्धती शिकणं आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली दोनशे तास समोर माणूस घेऊन बसणं यांत मोठं अंतर आहे. ते अंतर कापल्याशिवाय स्वतःची पाटी लावू नका. माझ्या एका ज्युनिअरने एमए झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात पाटी लावली होती. आत्महत्येचे विचार सांगणारी एक मुलगी तिच्याकडे आली आणि हिला रात्री अकरा वाजता मला फोन करावा लागला, पुढे काय करू म्हणून. ती मुलगी त्या रात्रीच रुग्णालयात पोचली आणि आज बरी आहे. माझ्या ज्युनिअरने नंतर दोन वर्षं रीतसर प्रशिक्षण घेतलं.

१०. एमफिल बंद झालं म्हणतात. मग क्लिनिकलला जायचं कसं?

परिषदेच्या नोंदणीची नेहमीची वाट म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एमफिल. यूजीसीने एमफिल ही पदवी २०२२च्या नियमांनी थांबवली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार सामाजिक कार्य या दोन एमफिलना तेवढी सवलत मिळाली, २०२५-२६ या वर्षापर्यंत. त्यापुढच्या वाटा पुनर्वास परिषदेच्या नव्या अभ्यासक्रमांतून जातात.

इथे एक सापळा आहे. साध्या विद्यापीठाच्या एमएच्या गुणपत्रिकेवर ‘स्पेशलायझेशन: क्लिनिकल सायकॉलॉजी’ लिहिलेलं असतं आणि जाहिरातीतही तसंच असतं. ही पदवी चांगली असेल, पण ती परिषदेची मान्यता असलेली नसेल तर तिच्यावर नोंदणी होत नाही. नाव सारखं दिसलं तरी फसू नका. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते. संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि मान्यतेचं वर्ष, तिन्ही त्या यादीत स्वतः बघा. फी भरण्याआधी बघा.

११. दूरशिक्षणाने, म्हणजे इग्नूतून एमए करता येईल?

पुष्कळांनी केलं, नोकरी आणि संसार सांभाळून केलं. पण यूजीसीने ऑगस्ट २०२५मध्ये आदेश काढला. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या कक्षेत येणारे विषय जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवायचे नाहीत, आणि त्यात मानसशास्त्राचं नाव आहे. आदेश नव्या प्रवेशांविषयी आहे. त्यामुळे ‘घरबसल्या एमए सायकॉलॉजी’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

ज्या स्त्रिया मुलं मोठी झाल्यावर शिकायला निघाल्या होत्या त्यांचं या आदेशाने नुकसान झालं असं मला वाटतं. आदेशामागचं कारणही मला पटतं: प्रश्न ७ मधला तारा घरी बसून गिरवता येत नाही. अशा विद्यार्थिनींसाठी विद्यापीठांनी संध्याकाळचे वर्ग काढावेत ही माझी मागणी आहे.

१२. चार वर्षांची बीए ऑनर्स केली तर एमए एका वर्षात होतं?

हो, नव्या रचनेत तशी सोय आहे. शिवाय चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीच्या प्रवेशालाही पात्रता मिळते. मी मात्र घाई करू नका म्हणेन. आरसीआयच्या वाटेने जायचं असेल तर एका वर्षाची एमए त्या अभ्यासक्रमाला चालते का, हे आधी बघा (प्रश्न १०).

१३. नोकरी कुठे लागते?

कॉलेजात शिकवायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटमध्ये मानसशास्त्राचा विषय क्रमांक ०४ आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेतं. ज्युनिअर कॉलेजसाठी एमएसोबत बीएड लागते. सीबीएसई आपल्या शाळांकडून समुपदेशक मागतं, त्यामुळे शहरांत तिथे जागा निघतात. कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत चाचण्या आणि निवडप्रक्रिया सांभाळायला घेतात, आणि तिथे तुमची सांख्यिकी उपयोगी पडते.

सामाजिक क्षेत्रातल्या समुपदेशक पदांना अनेकदा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) मागतात. जाहिरात पूर्ण वाचल्याशिवाय अर्जाचे पैसे घालवू नका. पहिल्या नोकरीचा पगार थोडा असतो हे घरच्यांना आधीच सांगा.

१४. एमएला प्रवेश घेतल्यापासून नातेवाईक ‘आमच्या मुलाचा आयक्यू काढ’ म्हणतात. काढू का?

नका. शिकाऊ माणसाने काढलेला बुद्ध्यंक त्या मुलाच्या कपाळावर आयुष्यभर चिकटतो. ‘ताईने काढला होता, ८८ आला’ हे वाक्य मी एका मामाच्या तोंडून, मुलगा शेजारी उभा असताना ऐकलं आहे. चाचणीचे प्रश्न फोनवर पाठवू नका, घरात संच उघडा ठेवू नका. प्रश्न बाहेर गेले की चाचणी सगळ्यांसाठीच निकामी होते. सरावासाठी प्रयुक्त हवे असतील तर विभागाच्या परवानगीने, पालकांची लेखी संमती घेऊन, आणि गुण सांगितले जाणार नाहीत असं आधीच सांगून करा.

घरच्यांचं समुपदेशनही करू नका. आत्याचं ऐकून घ्या, भाची म्हणून.

१५. मला स्वतःलाच खूप त्रास होतो. स्वतःला समजून घ्यायला हा विषय घेऊ का?

हा प्रश्न बहुतेक वेळा रात्री उशिरा येतो, आणि मी त्याला त्याच रात्री उत्तर देते.

विषय आवडत असेल तर जरूर घ्या. या वर्गांत स्वतःच्या जखमा घेऊन आलेली पुष्कळ मुलं असतात आणि त्यांतली कित्येक फार चांगलं काम करतात. पण अभ्यासक्रम म्हणजे उपचार नाही. अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर वाचताना प्रत्येक लक्षण आपल्यालाच आहे असं निरोगी मुलांनाही वाटतं, आधीच थकलेल्या मनाला ते जड जातं. म्हणून उपचार वेगळे घ्या, शिक्षण वेगळं घ्या, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. विभागातल्या ज्या शिक्षकावर विश्वास वाटतो त्याला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवा.

आणि त्रास आत्ता होत असेल तर प्रवेशाची वाट पाहत बसू नका. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहे. गोव्यात असाल तर बांबोळीच्या सरकारी मनोविकार रुग्णालयात जा. जाताना सोबत कोणालातरी घेऊन जा, पहिल्या दिवशी रांगेत एकटं बसणं अवघड जातं.